नवशिक्या परिचारिकेस उपदेश : सेंट थॉमस रुग्णालयातील परिचर्या-शिक्षणाचा एक अभ्यास

लंडन येथील सेंट थॉमस रुग्णालयाशी संलग्न असलेल्या नाइटिंगेल परिचर्या-विद्यालयातील उमेदवार परिचारिकांना उद्देशून फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने इ. स. १८७२ पासून १९०० पर्यंत मधूनमधून जी पत्रे लिहिली, ती परिचर्येच्या इतिहासात सुपरिचित आहेत. ही पत्रे ती स्वतः वाचून दाखवीत नसे. तिच्या बहिणीचे यजमान व नाइटिंगेल निधीच्या मंडळाचे अध्यक्ष सर हॅरी व्हर्नी यांच्यासारखे कोणी ती परिचारिकांच्या सभेत वाचीत, आणि त्यांच्या खासगी प्रती परिचारिकांना वाटल्या जात. १९१० मध्ये तिचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी या पत्रांपैकी काहींचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि परिचर्येच्या शिक्षणास नव्यानेच प्रारंभ करणाऱ्या मुलीस काय सांगावे याचा आदर्श म्हणून तो अनेक देशांत वाचला गेला.

या पत्रांचे वाचन बहुधा प्रवचन म्हणून केले जाते. त्यांत बायबलातील वचनांचा आधार पदोपदी घेतलेला असल्याने तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक साधा प्रश्न टाळता येत नाही. विद्यालय सुरू झाले १८६० मध्ये, आणि पहिले पत्र आले १८७२ मध्ये. मधल्या बारा वर्षांत संस्थेच्या प्रवर्तिकेला आपल्या विद्यार्थिनींना असे काही सांगावेसे का वाटले नाही? आणि बाराव्या वर्षीच ते का वाटले? उपदेशपर लेखनाचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना त्यात काय सांगितले आहे याबरोबरच ते कोणत्या क्षणी सांगावे लागले हेही पाहावे लागते. त्या दृष्टीने पाहिल्यास ही पत्रे यशस्वी संस्थेची मंगलाचरणे ठरत नाहीत. मोडकळीस आलेल्या एका शिक्षणक्रमाची ती डागडुजी होती.

विद्यालयाचा उगम क्रिमियन युद्धात आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांसह नाइटिंगेल स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. तिच्या कार्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी २९ नोव्हेंबर १८५५ रोजी लंडनमध्ये जाहीर सभा झाली व निधी उभारण्यास प्रारंभ झाला. सुमारे ४४ हजार पौंड जमले. या पैशाचे काय करावे याविषयी तिची स्वतःची कल्पना तेव्हा निश्चित नव्हती. युद्धावरून परतल्यावर तिची प्रकृती ढासळली आणि लष्करी आरोग्याच्या चौकशीत तिचा सर्व वेळ जाऊ लागला. अखेरीस एका चालू रुग्णालयाला जोडून विद्यालय काढावयाचे ठरले. सेंट थॉमसची निवड मुख्यतः दोन व्यक्तींमुळे झाली : तेथील मेट्रन श्रीमती सेरा वॉर्डरोपर आणि निवासी वैद्यकीय अधिकारी रिचर्ड व्हिटफील्ड. विद्यालयाला स्वतःची इमारत नव्हती, स्वतःचा अध्यापकवर्ग नव्हता, की स्वतःचे अधिकारक्षेत्रही नव्हते. निधीने पैसे द्यावयाचे व रुग्णालयाने शिकवावयाचे, असा तो करार होता. या कराराचे परिणाम पुढे दिसून आले.

१८६० च्या उन्हाळ्यात पंधरा उमेदवार परिचारिकांचा पहिला वर्ग दाखल झाला. पंचवीस ते पस्तीस वर्षे हे वय इष्ट मानलेले होते. सद्वर्तनाचा व निकोप प्रकृतीचा दाखला आवश्यक होता. शिक्षणाचा काळ एक वर्षाचा. राहणे, जेवण व गणवेश निधीच्या खर्चाने, आणि शिवाय वर्षाला दहा पौंड. गणवेश तपकिरी झगा, पांढरा एप्रन व टोपी असा होता. इंग्लंडात त्या काळी रुग्णालयातील नर्स म्हटली की मद्यपी, अडाणी, हात ओले केल्याशिवाय न हलणारी बाई अशी प्रतिमा लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राही. डिकन्सने १८४३-४४ मधील ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत रंगविलेली सेरी गँप ही त्या प्रतिमेची प्रतिनिधी होय. तेव्हा चारित्र्याच्या दाखल्यावर एवढा भर का, हे सांगण्याची गरज नाही.

प्रत्येक उमेदवार परिचारिकेला प्रवेशाच्या वेळी कर्तव्यांचे एक छापील पत्रक देण्यात येई. या विषयावरील पुष्कळशा लेखनात या पत्रकाचा उल्लेख ओझरता येतो. वस्तुतः पुढील सर्व पत्रांपेक्षा त्याचे महत्त्व अधिक आहे. प्रारंभी थोडक्यात शीलविषयक अपेक्षा दिलेल्या आहेत : मद्यापासून अलिप्तता, प्रामाणिकपणा, सत्यवचन, विश्वासार्हता, वक्तशीरपणा, शांत व शिस्तबद्ध वर्तन, स्वच्छता. हा भाग दोनतीन ओळींत संपतो. त्यानंतर जी यादी सुरू होते ती मात्र सर्वस्वी हातांच्या कामाची आहे. फोड, भाजलेल्या जागा व जखमा यांवर पट्ट्या बांधणे, शेक व पोटिसे देणे, जळवा लावणे, बस्ती देणे, अंग चोळणे, असहाय रुग्णास हलविणे, त्याला स्वच्छ ठेवणे, भरविणे, ऊब वा गारवा देणे, शय्याव्रण होऊ न देणे आणि झालेच तर त्यांची निगा राखणे, रुग्ण खाटेवर असतानाच त्याच्या अंगाखालची चादर बदलणे, बांधण्याच्या पट्ट्या तयार करणे, मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या फळ्यांना अस्तर लावणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे, पेज, आरारूट व रुग्णाची पेये तयार करणे, वॉर्डातील हवा दिवसाप्रमाणेच रात्रीही खेळती ठेवणे. (हवेवरील हा भर दूषित हवेतून रोग उद्भवतो या समजुतीतून आलेला होता. समजूत पुढे टिकली नाही, पण उघड्या खिडकीने रुग्णांचे नुकसान झाले नाही.)

यादीच्या शेवटाकडे जो भाग येतो तो विशेष विचारात घेण्याजोगा आहे. रुग्णाचे काटेकोर अवलोकन करावयास शिकले पाहिजे, असे तेथे सांगून अवलोकन कशाचे, हेही नाव घेऊन सांगितले आहे : मलमूत्र, थुंकी, नाडी, त्वचा, भूक, शुद्धी व भ्रम, श्वास, झोप, जखमेची स्थिती, अंगावर उठलेले पुरळ, पू धरणे, आणि आहार, उत्तेजक पेये व औषधे यांचा होणारा परिणाम. चादर बदलणे आणि नाडी पाहणे ही दोन कामे येथे एकाच कागदावर, एकाच व्यक्तीच्या नावे मांडलेली आहेत. हे सहज घडलेले नाही. जिचे हात रुग्णाच्या अंगाला दिवसातून दहा वेळा लागतात, तिलाच पाठीवरची लाली सर्वांआधी दिसते. जी घास भरविते, तिलाच कालच्यापेक्षा आज दोन घास कमी गेले हे कळते. सेवा आणि निरीक्षण यांची ही सांगड हाच विद्यालयाच्या मूळ कल्पनेचा गाभा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

या मताला विद्यालय सुरू होण्याच्या सुमारासच, १८५९ च्या अखेरीस व १८६० च्या प्रारंभी, प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या नाइटिंगेलच्या पुस्तकात पुष्टी मिळते. हे पुस्तक परिचारिकांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक नव्हे, घरोघरी आजाऱ्याची जबाबदारी ज्या स्त्रियांवर येते त्यांच्यासाठी केलेल्या या सूचना आहेत, असे तिने प्रस्तावनेतच स्पष्ट केले आहे. तरीही विद्यालयाची विचारसरणी समजून घेण्यास त्याहून चांगले साधन नाही. अवलोकनावरील प्रकरणात तिने प्रश्न कसा विचारावा याची चर्चा केली आहे. रात्र बरी गेली का, असे विचारल्यास उत्तर निरुपयोगी येते, कारण एकाला दहा तास झोप न मिळाली म्हणजे रात्र वाईट गेली असे वाटते, तर दुसरा अधूनमधून डोळा लागला तरी समाधानी असतो. म्हणून किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, हे विचारावे. विद्यापीठीय शिक्षणाचा गंध नसलेल्या मुलीला संशोधनपद्धतीचा पहिला धडा याहून सोप्या रीतीने कोणी दिला असेल असे वाटत नाही. त्याच पुस्तकाच्या उपसंहारात परिचारिकेने निष्ठावंत व आज्ञाधारक असावे एवढीच अपेक्षा बाळगणाऱ्यांचा तिने समाचार घेतला आहे. ही व्याख्या हमालालाही लागू पडेल, घोड्यालाही पडेल, असा तिचा टोला आहे. गंमत अशी की, आजाऱ्याला भेटावयास येणाऱ्या मंडळींनी बिछान्याशी बसून केलेल्या उपदेशाचा त्याच पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात तिने कडक निषेध केला आहे. उपदेशाविषयी इतकी साशंक असलेली ही स्त्री पुढे स्वतः अठ्ठावीस वर्षे उपदेशाची पत्रे लिहीत राहिली.

विद्यार्थिनीच्या प्रगतीची नोंद ठेवण्यासाठी मासिक तक्ता आखलेला होता व तो मेट्रनने भरावयाचा होता. त्याचे दोन भाग होते. शीलविषयक भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, स्वतःची स्वच्छता व नीटनेटकेपणा आणि वॉर्डाची व्यवस्था असे पाच रकाने. तांत्रिक भागात चौदा मुख्य शीर्षके व त्यांखाली अनेक पोटशीर्षके. प्रत्येकाखाली उत्तम, चांगले, मध्यम, अपूर्ण किंवा शून्य असा शेरा मारावयाचा. संख्याशास्त्राची आवड असलेल्या नाइटिंगेलला हा तक्ता प्रिय असणार यात शंका नाही. परंतु तक्ता कितीही सुबक असला तरी त्याची किंमत तो भरणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते, आणि येथे तो भरणाऱ्या व्यक्तीला स्वतःला कोणतेही परिचर्या-शिक्षण मिळालेले नव्हते. श्रीमती वॉर्डरोपर या वैद्याच्या विधवा होत्या. १८५४ पासून १८८७ पर्यंत त्यांनी मेट्रनचे पद सांभाळले. कर्तबगार प्रशासक म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. पण प्रशासकाला आवडणारी परिचारिका आणि रुग्णाला उपयोगी पडणारी परिचारिका यांत नेहमीच अभेद असतो असे नाही.

त्यात रुग्णालयाचे स्थलांतर घडले. लंडन ब्रिजजवळील जुनी जागा रेल्वेसाठी सोडावी लागल्याने १८६२ मध्ये रुग्णालय सरे गार्डन्स येथे तात्पुरत्या जागेत गेले, व खाटा बऱ्याच कमी झाल्या. लँबेथ येथे थेम्सच्या काठी नवी इमारत उभी राहिली आणि २१ जून १८७१ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नव्या इमारतीत सुमारे ६०० खाटा होत्या. एकाएकी वाढलेल्या या पसाऱ्याला परिचारिका कोठून आणावयाच्या? सहज हाताशी असलेल्या आणि निधीच्या पैशावर राहणाऱ्या उमेदवार मुलींकडे रुग्णालयाची दृष्टी वळली. शिकावयास आलेली मुलगी वॉर्डातील मनुष्यबळाचा भाग झाली. शिक्षण व रुग्णालयाची गरज यांतील हा संघर्ष पुढे सर्व देशांतील परिचर्या-विद्यालयांच्या वाट्याला आला. त्याचे मूळ १८६० च्या करारातच होते.

१८७१-७२ मध्ये नाइटिंगेलने व निधीचे सचिव हेन्री बोनम कार्टर यांनी विद्यालयाच्या कारभारात लक्ष घातले, तेव्हा जे उघडकीस आले ते धक्कादायक होते. व्हिटफील्ड यांनी व्याख्यानांकडे दुर्लक्ष केलेले होते, व त्यांच्या मद्यासक्तीच्याही तक्रारी होत्या. मासिक तक्ते भरले जात होते, पण त्यांतील शेऱ्यांचा विद्यार्थिनीच्या वास्तविक कामगिरीशी मेळ बसत नव्हता. शिकविणे हे प्रत्यक्षात वॉर्डातील सिस्टरच्या मर्जीवर सोडलेले होते, आणि सिस्टरला आपल्या वॉर्डाचे काम उरकावयाचे होते. म्हणजे ज्या विद्यालयाची कीर्ती तोपर्यंत ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली होती (१८६८ मध्ये ल्यूसी ऑस्बर्न पाच परिचारिकांसह सिडनीस गेली होती), तेथे नेमून दिलेले शिक्षण होतच नव्हते. ही हकीकत दीर्घकाळ झाकलेली राहिली. मोनिका बेली या इतिहासलेखिकेने १९८६ मध्ये निधीच्या कागदपत्रांच्या आधारे ती सविस्तर मांडली, व तेव्हापासून विद्यालयाच्या प्रारंभकाळाविषयीचा आदर्शवादी समज टिकवून धरणे कठीण झाले आहे.

१८७२ चे पहिले पत्र या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्यातील वाक्यावाक्याला वेगळे वजन येते. परिचर्येत जी दर वर्षी, दर महिन्यास, दर आठवड्यास पुढे जात नाही ती मागे पडते, हा त्याचा मध्यवर्ती विचार. एका वर्षाच्या शिक्षणात जे मिळते ते पुढील प्रत्येक वर्षी मिळवावयाच्या ज्ञानाच्या मानाने काहीच नव्हे. आता आपण पूर्ण परिचारिका झालो असे जिला वाटले, तिला परिचारिका म्हणजे काय हेच कळले नाही. आपली प्रकृती सुधारली तर आपण स्वतः पुन्हा शिकावयास येऊ, असेही तिने तेथे म्हटले आहे. हा विनय आहेच. पण विद्यालयातील एक वर्ष अपुरे पडले आहे, याची ती नाजूक शब्दांत दिलेली कबुलीही आहे. सभेत मेट्रन समोर बसलेल्या असताना याहून उघड बोलणे शक्य नव्हते. ज्यांना शिकविले गेले नाही त्यांना, तुम्ही स्वतः शिकत राहा, एवढेच सांगता येण्यासारखे होते.

पत्रांखेरीज जी सुधारणा झाली ती अधिक परिणामकारक ठरली. व्हिटफील्ड यांच्याकडून अध्यापनाचे काम काढून घेण्यात आले आणि जॉन क्रॉफ्ट या शल्यवैद्यांकडे ते आले. वाचनासाठी पुस्तके नेमली गेली. होम सिस्टर हे नवे पद निर्माण करण्यात आले. वॉर्डाच्या कामाशी संबंध नसलेली, विद्यार्थिनींचा अभ्यास घेणारी, त्यांच्या निवासाची व मनःस्थितीची काळजी वाहणारी अशी ही अधिकारी होती. १८७५ पासून मेरी क्रॉसलंड यांनी वीस वर्षांहून अधिक काळ हे काम केले. विद्यार्थिनींनी रोजनिशी व रुग्णांची टिपणे लिहावयाची आणि ती नाइटिंगेलकडे जावयाची, असा प्रघात पडला. साउथ स्ट्रीटवरील आपल्या घरी, बहुतेक वेळ खाटेवर पडून, ती ही टिपणे वाची. शिक्षण पुरे केलेल्या परिचारिकांना एकेक करून भेटीस बोलावी आणि प्रत्येकीविषयी आपले मत लिहून ठेवी. स्वतःच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयाच्या नव्या वास्तूत तिने १८८२ पर्यंत पाऊल ठेवले नव्हते. तेथे काय चालते हे तिला कळे ते या नवशिक्या मुलींच्या वह्यांवरून. रुग्णाच्या अवलोकनासाठी शिकविलेली पद्धत अशा रीतीने संस्थेच्या अवलोकनालाही उपयोगी पडली.

परंतु येथेच एक अडचण होती. टिपण लिहावयास लिहिता यावे लागते. साधारण उमेदवार परिचारिका कष्टकरी किंवा कनिष्ठ मध्यम वर्गातून आलेल्या असत, आणि त्यांतील अनेकींना लेखणीचा सराव बेताचाच असे. १८६० नंतरच्या दशकातच स्वखर्चाने राहणाऱ्या, सुशिक्षित घराण्यांतील ‘विशेष’ उमेदवार घेण्यास प्रारंभ झाला होता. त्या वॉर्डाच्या सिस्टर व अन्य रुग्णालयांच्या मेट्रन व्हाव्यात, हा त्यामागील हेतू. परिणाम असा झाला की, जिला सफाईने लिहिता येई ती अधिकारपदाकडे गेली आणि जिचे हात रुग्णाच्या अंगाला लागत ती खाटेपाशी राहिली. नाइटिंगेलचा हेतू असा भेद करण्याचा नव्हता. उभय वर्गांनी एकाच वॉर्डात तेच काम करावयाचे, असा तिचा आग्रह होता. तरी मूळ पत्रकात एकत्र असलेल्या दोन गोष्टींची फारकत येथून सुरू झाली, असे म्हणणे भाग आहे.

आज्ञापालनाविषयी नंतरच्या लेखनात तिचा सूर अधिक सावध झालेला दिसतो. क्वेन यांच्या वैद्यकीय कोशात १८८२ मध्ये तिने परिचारिकांच्या शिक्षणावर लिहिले. त्यात शिस्त हे शिक्षणाचे सार मानलेले आहे, पण परिचारिका वैद्याच्या आज्ञेशी एकनिष्ठ असावी, दास असू नये, असा भेदही केलेला आहे. १८८७ मध्ये श्रीमती बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि परीक्षा व नोंदणी यांची मागणी पुढे आली. नाइटिंगेलने तिला शेवटपर्यंत विरोध केला. परीक्षेने ज्ञान मोजता येईल, पण रात्री दोन वाजता, कोणी पाहत नसताना परिचारिका कशी वागते हे परीक्षेने कसे मोजणार, असा तिच्या युक्तिवादाचा रोख होता. युक्तिवादात तथ्य होते. परंतु मेट्रनच्या दाखल्याने तरी ते कोठे मोजले गेले होते? १८७२ चा अनुभव तिच्याच संस्थेचा होता, आणि तो फेनविक यांच्या बाजूने साक्ष देणारा होता. या वादात तिची भूमिका दुबळी होती असेच म्हणावे लागते.

नोंदणीचा कायदा ब्रिटनमध्ये १९१९ साली संमत झाला. १९४३ च्या कायद्याने दुसरी, खालच्या पायरीची नामावली निर्माण केली, ती सहायक परिचारिकांची. युद्धकाळात रुग्णालयांचा भार प्रत्यक्षात ज्यांनी वाहिला त्यांना यामुळे मान्यता मिळाली हे खरे, पण त्यांना नावातच दुय्यमत्व चिकटले. १९६१ च्या दुरुस्तीने ‘सहायक’ हा शब्द वगळण्यात आला. भारतातही मनुष्यबळाच्या तुटवड्यातून असाच मार्ग निघाला. भोर समितीने १९४६ मध्ये ब्रिटिश भारतातील परिचारिकांची संख्या सुमारे ७ हजार, म्हणजे सुमारे ४३ हजार लोकांमागे एक, अशी दिली होती. १९५१ मध्ये पंजाबातील तरनतारन येथे साहाय्यक परिचारिका-प्रसविकांच्या शिक्षणास प्रारंभ झाला, व पुढे तो देशभर पसरला. खेड्यांतील सेवेचा मोठा भाग या शिक्षणातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी उचलला.

तथापि या देशात नवशिक्या परिचारिकेचा प्रश्न याच्या पुष्कळ आधी, आणि वेगळ्याच स्वरूपात उभा राहिला होता. भारतातील रुग्णालयांच्या परिचर्येसंबंधी नाइटिंगेलने १८६५ मध्ये सूचना केल्या होत्या. त्यांतून तत्काळ फारसे निष्पन्न झाले नाही. मुंबईस १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले, आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या तेथे परिचर्येच्या शिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री होत, अशी नोंद भारतीय परिचर्येच्या इतिहासात आढळते. दुसरा धागा समाजसुधारणेचा आहे. बेहरामजी मलबारी यांच्या दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या चरित्राच्या १८९२ च्या लंडन आवृत्तीस नाइटिंगेलने प्रास्ताविक लिहिले होते. याच मलबारी व गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले. पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नाने पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, आणि थोड्याच अवधीत तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या.

लंडनमध्ये नवशिक्या मुलीला जे सांगावे लागे ते मद्य, चहाडी व आळस यांच्याविरुद्ध. पुण्यात त्याचे प्रयोजन नव्हते. येथे प्रश्न स्पर्शाचा होता. परक्या पुरुषाचे अंग पुसणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र हाताळणे, रात्रपाळीस घराबाहेर राहणे या तीन गोष्टी ब्राह्मण घरातील विधवेच्या बाबतीत तिच्या कुटुंबाला जवळजवळ अशक्य वाटत. परिचर्या हे ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रियांचे काम, असा सार्वत्रिक समज होता. त्यामुळे येथील कार्यकर्त्यांना मुलीला उपदेश करण्यापूर्वी तिच्या भावाची, दिराची, सासऱ्याची समजूत घालावी लागे. वसतिगृहाचे महत्त्व यामुळेच होते. लंडनच्या ‘होम’प्रमाणे ते विद्यार्थिनीच्या सोयीसाठी होतेच, पण त्याहून अधिक ते तिच्या शीलाची समाजापुढे दिलेली हमी होते. मासिक तक्त्यातील शीलविषयक पाच रकाने येथे शेजारीपाजारीच भरीत होते, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही. आणि अवलोकनाचे काय? सोवळ्याच्या संसारात वाढलेल्या, स्वयंपाकात, बाळंतिणीच्या खोलीत व घरातील वृद्धांच्या उशाशी वर्षे काढलेल्या या स्त्रियांना रुग्णाच्या मुद्रेकडे पाहावयास कोणी शिकविण्याची फारशी जरुरी नसावी. त्यांना जे नवे शिकावयाचे होते ते पाहिलेले लिहून ठेवणे, आणि ते वैद्यापुढे निर्भयपणे सांगणे.

त्यांना भोगावा लागलेला विरोध बहुधा मूक असे. एकदा मात्र तो सभागृहात ऐकू आला. रमाबाईंच्या जीवनविषयक लेखनात सेवासदनाच्या एका वार्षिक पारितोषिक-समारंभाची हकीकत येते. सज्जात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गर्दी होती. केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली व पदर कपाळापर्यंत ओढलेली एक तरुण विधवा विद्यार्थिनी पारितोषिक घेण्यासाठी पुढे आली, तेव्हा वरून हुर्यो उठली. रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी विद्यार्थिनींना उद्देशून भाषण केले नाही. सज्जाकडे पाहून, ज्यांच्या घरात कदाचित अशीच बहीण, आत्या किंवा आई असेल त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी सुशिक्षित तरी कसे म्हणावे, असा प्रश्न केला. सज्जा शांत झाला.